तिसऱ्या सिलिंडरचा प्लग

जुन्या वर्तमानपत्राच्या पानावर मी मार्करने १ ते ४ आकडे टाकले आणि काढलेले प्लग त्या त्या आकड्यावर ठेवले. ही माझी तीस वर्षांची सवय आहे. कुठला प्लग कुठल्या सिलिंडरमधून निघाला हे एकदा विसरलं, की त्याच्याकडून कळण्यासारखं अर्धंअधिक तिथंच संपतं. पहिला, दुसरा आणि चौथा खडूसारखे पांढरे पडले होते. तिसरा हातात घेतला, उजेडाकडे धरला आणि पोराला टेबलावरचं भिंग आणायला पाठवलं. चिनी मातीच्या टोकावर चंदेरी ठिपके होते, खसखशीहूनही बारीक. नखाने खरवडून पाहिलं तर निघेनात. ते ॲल्युमिनियम होतं. प्लगच्या टोकाशी ॲल्युमिनियम कुठेच नसतं. ते पिस्टनवरून उडून आलं होतं.

गाडीचा मालक माझ्या शेजारी वाकून उभा होता. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा मुलगा, इथेच पुण्यात, हिंजवडीला नोकरी. गाडी त्याच्या वडिलांनी २००५ साली घेतलेली, ऑक्टाव्हिया आरएस. वडिलांचे गुडघे दुखायला लागले, क्लच दाबवेना, म्हणून ती मुलाकडे आली. स्पोर्ट्स कार म्हटलं की लोकांना दोन दारांची, जमिनीला टेकलेली गाडी आठवते. ही चार दारांची, मागे सगळ्या घरादाराचं सामान मावेल एवढी डिकी असलेली. पण त्या काळात आपल्याकडे टर्बो लावलेलं पेट्रोल इंजिन आणि एवढी ताकद सामान्य माणसाच्या आवाक्यात आणणारी दुसरी गाडी शोधून सापडली नसती. १७८१ सीसीचं इंजिन, प्रत्येक सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह, १५० हॉर्सपॉवर. युरोपात विकली जायची ती आरएस १८० ची होती, पण आम्हाला १५० सुद्धा खूप वाटायचे. आणि मला तिच्याबद्दल घरच्यासारखी ओढ वाटते, कारण ऑक्टाव्हिया आमच्या औरंगाबादजवळ, शेंद्र्याला जुळवली जायची. मी तिथे कधी कामाला नव्हतो. पण आपल्या गावच्या मातीतून बाहेर पडलेल्या गाडीचं बोनेट उघडताना हात जरा जपून चालतो, हे खरं.

"काका, टर्बो लागला की झटके देते," तो म्हणाला होता. "खंबाटकीचा चढ चौथ्या गिअरवर घेतला की सरळ मिसिंग. सिग्नलला एकदम ठीक."

त्याआधी एका गॅरेजमध्ये दोन कॉइल बदलून झाल्या होत्या. या इंजिनात प्रत्येक प्लगच्या डोक्यावर त्याची स्वतःची कॉइल बसते, त्यामुळे मिसिंग म्हटलं की पहिला संशय कॉइलवर जातो. फरक पडला नाही. त्याच्याही आधी, वर्षभरापूर्वी, गाडीचा रिमॅप झाला होता. म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधला हिशोब बदलून टर्बोला जास्त हवा कोंबायला लावलं होतं. १५० ची गाडी १९० च्या आसपास गेली होती. रिमॅप करताना कुणीतरी त्याला चांगला सल्लाही दिला होता: "आता थंड प्लग टाक. आकडा वाढव." त्याने गॅरेजवाल्याला तेच सांगितलं. गॅरेजवाल्याने आकडा वाढवला.

तिथेच सगळं बिघडलं. ते नीट सांगायला हवं, कारण ही चूक मी नंतर आणखी दोन गाड्यांत पाहिली.

प्लगला गरम किंवा थंड म्हणतात तेव्हा त्याचा ठिणगीशी काही संबंध नसतो. ठिणगी दोघांची सारखीच. प्रश्न असतो तो प्लगच्या टोकाला साचलेली उष्णता किती लवकर बाहेर जाते याचा. टोकाभोवतीचं चिनी मातीचं नाक लांब असेल तर उष्णतेला लांबून जावं लागतं: नाकातून लोखंडी अंगात, तिथून आट्यांतून आणि वॉशरमधून हेडमध्ये, मग कूलंटमध्ये. लांब वाट म्हणजे टोक तापलेलं राहतं. तो गरम प्लग. नाक आखूड असेल तर उष्णता चटकन निघून जाते. तो थंड. ही क्षमता कंपन्या आकड्याने सांगतात. एनजीकेच्या प्लगवर आकडा वाढला की प्लग थंड होत जातो, ६ पेक्षा ७ थंड, ७ पेक्षा ८ थंड. बॉशच्या प्लगवर नेमकं उलट: आकडा वाढला की प्लग गरम. एनजीकेचा ६ म्हणजे साधारण बॉशचा ७, आणि एनजीकेचा ५ म्हणजे बॉशचा ८. दोन्ही पद्धती आपापल्या जागी बरोबर आहेत, वर्षानुवर्षं चालत आलेल्या आहेत. पण ज्याला एकच ठाऊक आहे तो दुसरीत हमखास फसतो.

सल्ला देणाऱ्याच्या डोक्यात एनजीकेचा हिशोब होता. गॅरेजवाल्याच्या फळीवर बॉशचे प्लग होते. मी काढलेल्या प्लगवर पुसट अक्षरांत लिहिलं होतं, एफआर८डीसीएक्स. प्लग अस्सल होता, त्याच्यात काही खोट नव्हती. ज्या साध्या, बिनटर्बोच्या इंजिनासाठी तो बनवला आहे तिथे तो लाख किलोमीटरच्या गप्पा मारणाऱ्या कुठल्याही प्लगइतका प्रामाणिकपणे चालतो. पण इथे थंड करायला निघालेल्या माणसाने गाडीत होता त्यापेक्षाही एक पायरी गरम प्लग बसवला होता, तेही चाळीस हॉर्सपॉवर वाढवल्यानंतर. आणि शेवटचा तो 'एक्स'. बॉशच्या नावात तो गॅप सांगतो: १.१ मिलिमीटर.

त्या दोन गोष्टींनी दोन वेगवेगळी दुखणी आणली होती. मिसिंग ऐकू येत होतं. दुसरं ऐकू येत नव्हतं, आणि इंजिनाचा जीव त्यानेच घेतला असता.

आधी ऐकू येणारं. ठिणगीला दोन टोकांमधल्या हवेतून उडी मारायची असते. हवा जितकी दाट आणि फट जितकी रुंद, तितका व्होल्टेजचा जोर जास्त लागतो. निवांत चालणाऱ्या इंजिनात दहा हजार व्होल्टच्या आसपास भागतं. टर्बोने एक बार बूस्ट दिला की सिलिंडरमध्ये जवळपास दुप्पट हवा भरलेली असते, पिस्टन ती आणखी दाबतो आणि तीच गरज दुप्पट, कधी तिप्पट होते. कॉइलच्या ताकदीला मर्यादा असते. ती मर्यादा ओलांडली की ठिणगी पडतच नाही, किंवा प्लगच्या बाहेरच्या अंगावरून, रबरी बुटाच्या आतून पळवाट शोधते. तिसऱ्या आणि चौथ्या प्लगच्या पांढऱ्या अंगावर वरून खाली गेलेली केसाएवढी काळी रेघ मी त्याला दाखवली. विजेची पाऊलवाट होती ती. म्हणून सिग्नलला गाडी ठीक आणि खंबाटकीला झटके. कॉइल निर्दोष होत्या. त्यांच्याकडून झेपणार नाही एवढी उडी मागितली जात होती.

दुसरं दुखणं त्या चंदेरी ठिपक्यांचं. प्लगचं टोक साधारण ४५० अंशांच्या वर तापलं तर स्वतःवरची काजळी स्वतःच जाळून टाकतं. ८५० च्या वर गेलं तर ते स्वतःच निखारा होतं, आणि ठिणगीची वाट न बघता मिश्रण पेटवायला लागतं. या दोन आकड्यांच्या मध्ये टोकाला ठेवणं, एवढंच प्लगच्या निवडीचं काम. ऐकायला सोपं वाटतं. पण तेच टोक सकाळी कर्वे रोडच्या गर्दीत तासभर रांगतं आणि रविवारी ताम्हिणीच्या चढाला पूर्ण बूस्टमध्ये धावतं. दोन्हीकडे त्याने हद्दीत राहायचं. तिसऱ्या सिलिंडरमध्ये ते हद्दीबाहेर गेलं होतं. मिश्रण चुकीच्या वेळी पेटत होतं, नॉकिंगच्या हातोड्या पिस्टनवर बसत होत्या आणि पिस्टनच्या कडेचे कण उडून प्लगवर चिकटत होते. पाचव्या गिअरच्या आवाजात, गाणी चालू असताना, काचा वर करून हे कानाला कळत नाही.

प्लगच्या भोकातून दुर्बीण आत घातली. तिसऱ्या पिस्टनच्या कडेला वाळूचा कागद फिरवल्यासारखी खरबरीत जागा दिसली, बोटाच्या नखाएवढी. भोक नव्हतं, तडा नव्हता. कॉम्प्रेशन मोजलं: तिघांत ११ बारच्या आसपास, तिसऱ्यात १०. फरक होता पण मर्यादेत होता. मी त्याला खुर्चीवर बसवलं आणि म्हटलं, "अजून एक उन्हाळा असाच गेला असता तर आपण इंजिन उतरवायच्या गोष्टी बोलत असतो." तो काही बोलला नाही. बराच वेळ तो प्लग हातात फिरवत बसला.

मला प्लग वाचायला शिकवलं ते औरंगाबादच्या उस्तादांनी. नव्वदच्या दशकात मी आयटीआय करून त्यांच्या गॅरेजला लागलो तेव्हा दारात सगळा दुचाकींचा बाजार असायचा. वाळूजला बजाजचा कारखाना, त्यामुळे गावात स्कूटर घरटी एक. प्लग म्हणजे मायकोचा, एवढंच आम्हाला माहीत. सकाळी सकाळी गिऱ्हाईक स्कूटर ढकलत आणायचं, आम्ही प्लग काढून काचकागद मारायचो, दातात धरून फुंकर घालायचो आणि परत बसवायचो. उस्तादांना ते आवडत नसे. ते प्लग आधी स्वतःकडे मागून घ्यायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि डोळ्याशी धरायचे. भाजलेल्या रव्याचा रंग असला की मान हलवायची. काळाकुट्ट ओला असला की ऑइल जास्त. पांढरा असला की आम्हाला हाक मारून कार्ब्युरेटरची जेट दाखवायची. काचकागद मारला की त्यावरचं सगळं लिहिलेलं पुसलं जातं, हे मला त्यांच्याकडे पाहून कळलं. त्यांनी ते कधी बोलून दाखवलं नव्हतं.

त्यांची एक पद्धत होती. गाडी फुल रेसमध्ये पळवायची, तशीच बंद करायची, क्लच धरून बाजूला घ्यायची आणि रस्त्यातच प्लग काढायचा. म्हणजे जोरात धावताना आत काय चाललंय त्याचा रंग जसाच्या तसा हाती लागतो. टर्बो गाड्या हातात आल्यावर मीही पहिल्यांदा तेच करायला गेलो आणि लवकरच थांबलो. एक तर चालत्या गाडीत इंजिन बंद केलं की ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात, भर रस्त्यात तो खेळ करायचा नसतो. दुसरं म्हणजे टर्बोची पंखी लाखाच्या वर फेऱ्यांनी फिरत असते, लालभडक तापलेली असते. तशा अवस्थेत इंजिन बंद केलं तर तिच्या बेअरिंगला जाणारं ऑइल थांबतं आणि उरलेलं जागच्या जागी करपतं. प्लगचा रंग पाहण्यासाठी टर्बो मारणं हा कुठला हिशोब? मिनिटभर तरी आयडलवर ठेवूनच गाडी बंद करायची. पण मग ते मिनिटभर रंगात मिसळतं. त्यात २००० साली देशभरातून शिशाचं पेट्रोल गेलं, आणि उस्तादांचे ते ठळक रंगही फिके झाले. आता चांगल्या प्लगवरही कधी कधी काहीच रंग दिसत नाही.

मग मी बघायला शिकलो ती बाजूची पट्टी, म्हणजे वरून वाकून येणारं ते आकड्यासारखं टोक. उष्णतेने तिच्या धातूचा रंग बदलतो आणि बदललेला व न बदललेला भाग यांच्यामध्ये एक रेघ पडते. ही रेघ मिनिटभराच्या आयडलने पुसली जात नाही. रेघ पट्टीच्या शेंड्याकडे असेल तर प्लग थंड पडतोय. मुळाकडे, आट्यांच्या जवळ उतरली असेल तर उष्णता वाजवीपेक्षा खोल गेली आहे, प्लग गरम आहे. बाकात असेल तर बरोबर. या मुलाच्या चारही प्लगवर रेघ पार मुळाशी उतरली होती. तिसऱ्यावर तर पट्टीच निळसर पडली होती.

आता कुठला प्लग घालायचा? त्याला इरिडियम हवे होते. बहुतेकांना हवे असतात, आणि त्यात चूक काही नाही. निकेल १४५५ अंशांना वितळतं, प्लॅटिनम १७६८ ला, इरिडियम चोवीसशेच्याही वर. धातू इतका चिवट म्हणून त्याचं मधलं टोक ०.६ किंवा ०.४ मिलिमीटर इतकं सुईसारखं करता येतं. साध्या प्लगचं टोक अडीच मिलिमीटर जाड असतं. सुईच्या टोकावरून ठिणगीला उडी मारायला कमी जोर लागतो, आणि ती लवकर झिजतही नाही. ज्याला 'कॉपर प्लग' म्हणतात तो मुळात निकेलचा, तांबं फक्त पोटात, उष्णता वाहून न्यायला. आणि ते तांबं महागड्या प्लगच्या पोटातही असतंच. फरक टोकाचा आणि टिकाऊपणाचा. ताकद दोघांपैकी कुणीच वाढवत नाही. इंजिनमध्ये आधीच असलेली ताकद वाया जाऊ न देणं एवढंच प्लगच्या हातात असतं.

मी त्याला निकेलचेच घ्यायला लावले, एनजीकेचे बीकेआर७ई. कारण असं, की ही गाडी आता काही काळ माझ्या नजरेखाली राहणार होती. दर दोन-तीन हजार किलोमीटरला मी प्लग काढून पाहणार होतो, गॅप बदलून पाहणार होतो. इरिडियमच्या सुईला गॅपची पट्टी जरा चुकून टेकली तरी ती मोडते. निकेलच्या पट्टीला हलकी टिचकी मारून गॅप हवा तसा आणता येतो, आणि चारही प्लग फेकून द्यावे लागले तरी पोटात गोळा येत नाही. दहा-बारा हजार किलोमीटरला बदलायचे हे मान्य असेल तर वाढवलेल्या टर्बो गाडीला निकेलचा प्लग हा आजही माझा पहिला पर्याय आहे. ज्याला लाख किलोमीटर बोनेट उघडायचंच नाही त्याने इरिडियम घ्यावेत.

आणि ७ का? गाडी कंपनीतून आली तशी असती तर मी ६ च ठेवला असता, मालकाने कितीही आग्रह केला तरी. ताकद पाऊणशे ते शंभर हॉर्सपॉवरने वाढली की एक पायरी थंड, असा या धंद्यातला ठोकताळा आहे. इथे वाढ चाळीसची, म्हणजे ठोकताळ्याने जेमतेम अर्धी पायरी, आणि अर्धी पायरी बाजारात मिळत नाही. पण आपलं साधं पेट्रोल तेव्हा ९१ ऑक्टेनचं. मे महिन्यात घाटात टर्बोच्या तोंडाशी येणारी हवाच चाळिशीची, तिला गार करणारा इंटरकूलर पुढच्या कोपऱ्यात, जेमतेम पुस्तकाएवढा. आणि तिसऱ्या पिस्टनवर एकदा मार बसून गेलेला. हे सगळं धरलं तर मला पूर्ण पायरी उतरणं भाग होतं.

मात्र मी प्लग लगेच बसवले नाहीत. त्याला सांगितलं, आधी ज्याने रिमॅप केला त्याच्याकडे जा, वरच्या फेऱ्यांवरचा बूस्ट आणि टायमिंग दोन्ही मागे घ्यायला लाव. टाकीत यापुढे ९७ ऑक्टेनचं पेट्रोल. तो नाराज झाला. "काका, थंड प्लगने नॉकिंग थांबतं ना?" प्लगच्या टोकामुळे होणारं थांबतं. चुकीच्या हिशोबामुळे होणारं थांबत नाही, ते फक्त थोडं उशिरा कळतं. मी प्लगचं खोकं काउंटरच्या खणात ठेवून दिलं आणि रिमॅप दुरुस्त होऊन आल्यावरच ते काढलं.

खोकं मी नाना पेठेतून आणलं होतं, ज्यांच्याकडून वीस वर्षं घेतोय त्यांच्याकडून. नकली प्लगांचा सुळसुळाट इतका आहे की ओळखीशिवाय मी प्लग घेत नाही. त्यांनीच मला एकदा अस्सल आणि नकली शेजारी ठेवून दाखवले होते. अस्सलचे आटे दाबून काढलेले, बोट फिरवलं तर गुळगुळीत. नकलीचे कापलेले, बोटाला टोचणारे. अस्सलचा वॉशर फिरतो पण निघत नाही. नकलीचा हातात येतो. बाजूची पट्टी मधल्या टोकाच्या नेमकी डोक्यावर आहे का, तेही पाहायचं.

बसवण्याचं काम मी पोरांना सांगत नाही. इंजिन पूर्ण थंड. आधी प्लगच्या खोल विहिरीत हवा मारून धूळ, वाळू उडवायची, नाहीतर ती प्लग काढताच सिलिंडरमध्ये पडते. मग गॅप. फिलर गेजचं ०.७ चं पान फटीत सरकवायचं. ओढताना रेशमाचा धागा बोटांतून जावा तसं जाणवलं पाहिजे, अडकलं तर गॅप कमी, सुटं फिरलं तर जास्त. १.१ वरून ०.७ वर आल्यावर कॉइलच्या अंगावरचं ओझं केवढं उतरतं, हे मला तरी त्या पानाच्या ओढीतच जाणवतं. त्याहून खाली मात्र उगाच जायचं नाही. फट फार लहान केली तर ठिणगी इवलीशी पडते आणि आयडलला गाडी अडखळते.

मग प्लगच्या डोक्यावर पेट्रोलच्या रबरी नळीचा वीतभर तुकडा चढवायचा आणि त्या नळीने प्लग विहिरीत सोडून बोटांनी फिरवायचा. हेड ॲल्युमिनियमचं असतं. पान्याने सुरुवात केली आणि आटे तिरपे लागले तर पान्याला ते कळत नाही, तो हेडचे आटे कापत जातो. नळी तिरपा आटा लागताच प्लगच्या डोक्यावर घसरते. ही नळीची युक्तीही उस्तादांचीच. शेवटी टॉर्क रेंच, ३० न्यूटन मीटर. आट्यांना ग्रीस किंवा कुठलीही पेस्ट लावायची नाही. आजच्या प्लगला गंज न चढणारा मुलामा असतो, आणि वंगण लावलं की रेंचने ३० सांगेपर्यंत प्लग त्याहून बराच जास्त ताणला गेलेला असतो.

त्या शनिवारी पहाटे आम्ही दोघं खंबाटकीला गेलो. चौथा गिअर, अडीच हजार फेरे, पाय पूर्ण खाली. गाडी एकदाही अडखळली नाही. वर पोचेपर्यंत तो काही बोलला नाही, आणि मीही काच खाली करून फक्त ऐकत होतो.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पुढची चूक माझी आहे.

त्या हिवाळ्यात त्याला लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर गाडी पळवून पाहायची होती. तिथे ड्रॅग शर्यती व्हायच्या, पाव मैल पूर्ण जोरात. तिसऱ्या पिस्टनची मला धास्ती. मी विचार केला, दिवसभर पुन्हा पुन्हा पूर्ण बूस्ट, आणखी एक पायरी थंड असलेलं बरं. बीकेआर८ई बसवून दिले. शर्यतीत गाडी उत्तम धावली. पण परत आल्यावर ते प्लग काढून ७ परत बसवायला त्याला वेळ झाला नाही, आणि मी फोन करून आठवण केली नाही. तीन आठवड्यांनी, डिसेंबरातल्या एका सकाळी, त्याचा फोन आला. गाडी सुरू होईना, पार्किंगमध्ये पेट्रोलचा वास पसरला होता.

प्लग काढले तर चारही काळे, ओले. घर ते हिंजवडी, दीड तास पहिल्या-दुसऱ्या गिअरवर, टर्बोला कामच नाही. ८ नंबरच्या टोकाला ४५० अंश कधी लाभलेच नव्हते. साचलेली काजळी वीज वाहून नेते. ठिणगी फट ओलांडायच्या ऐवजी काजळीवरून चालत अंगात उतरत होती. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढत होतं, उरलेलं कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जात होतं. ज्या सिलिंडरला जपायचं म्हणून मी थंड प्लग घातले, त्याचीच भिंत मी तीन आठवडे कोरडी पाडली होती. मला फार वाईट वाटलं. मी त्याच्याकडून त्या दिवशीचे पैसे घेतले नाहीत, ऑइल आणि फिल्टर बदलून दिला, ७ परत बसवले. गाडी वर्षातले किती दिवस कशी चालते हा प्रश्न मी त्याला पहिल्या दिवशी विचारला होता. उत्तर मला माहीत होतं. तरी मी एका दिवसासाठी प्लग निवडला आणि बाकीचे दिवस त्याच्या भरवशावर सोडून दिले.

तेव्हापासून मी वेगळी वही ठेवतो. गाडी, किलोमीटर, प्लगचा पूर्ण नंबर, गॅप, रेघ कुठे पडली, आणि परत कधी पाहायचं. पाहायच्या तारखेला मीच फोन करतो.

तीन हजार किलोमीटर झाले तेव्हा तो आला, या वेळी वडिलांना घेऊन. ते हळूहळू पायऱ्या उतरून आत आले, स्टुलावर बसले. मी पुन्हा वर्तमानपत्र पसरलं, आकडे टाकले, प्लग ओळीने ठेवले. नाकांवर फिका, जेमतेम दिसेल असा बदामी रंग. रेघ चारही पट्ट्यांच्या बाकात. तिसरा प्लग भिंगाखाली धरला, सगळीकडून फिरवला. एकही ठिपका नव्हता. भिंग मी वडिलांच्या हातात दिलं. त्यांनीही फिरवून फिरवून पाहिला, आणि मग मुलाला विचारलं, आधीचे कुठले होते, आणि चुकले कसे. मुलाने आकड्यांची ती उलटापालट त्यांना समजावून सांगितली.

"मग हे कुणालाही परत चुकेल," ते म्हणाले. "उद्या हा पुण्यात नसला, गाडी दुसऱ्याच्या हातात गेली तर?"

तेच प्लग त्याच त्याच सिलिंडरमध्ये परत बसवले. वॉशर आधीच दबलेला असतो, म्हणून बोटाने घट्ट झाल्यावर पाना जेमतेम हलवायचा, नव्या प्लगसारखा अर्धा फेरा द्यायचा नाही. मग मी एक चिकटपट्टी घेतली, बोनेटच्या आतल्या बाजूला पुसून जागा केली आणि वडील सांगतील तसं लिहिलं: एनजीके बीकेआर७ई, गॅप ०.७, ३० न्यूटन मीटर, थंड इंजिन. त्याखाली दुसऱ्या ओळीत, त्यांच्या सांगण्यावरून जरा मोठ्या अक्षरांत: या कंपनीत आकडा वाढला की प्लग थंड, बॉशमध्ये उलट, विचारल्याशिवाय बदलू नये. आणि शेवटी माझा मोबाइल नंबर.